खोट्या मरणाची तार

“मयताचं नाव?”

“केरबा दादू चौगले,” मामंजी म्हणाले.

“तुमचे कोण लागायचे?”

मामंजींनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. “लई जवळचं हुतं,” ते म्हणाले.

मी पदर दातांत धरला. मरणाची तार करायला आलेली बाई हसताना दिसली असती तर पोस्टमास्तरनं आम्हाला गारगोटीच्या पोस्टातनं हाकलूनच घातलं असतं. पण हसू काय सांगून येतं? केरबा दादू चौगले म्हणजे माझे सासरे, आणि ते माझ्या शेजारीच उभे होते, खिशातली तंबाखूची पुडी चाचपत.

मास्तर भला माणूस. “अरेरे,” म्हणाला. “कशानं गेले?”

“समजलंच न्हाई. बसल्या जागी.”

“पुण्यवान म्हणायचे. तार कुणाला?”

“ल्योकाला. पलटणीत हाय. आसामाच्या तिकडं.”

मी पदराच्या गाठीतनं पत्त्याचा कागद काढून दिला. सातवी शिकलेली म्हणून मला बरोबर आणलेली. मास्तरनं इंग्रजीत एक ओळ खरडली. मामंजी त्या ओळीकडं वाकून बघत राहिले.

“काय लिवलं म्हणायचं?”

“वडील वारले, लगेच निघा.”

“एवढंच?” मामंजी म्हणाले. “एवढ्यानं रडू येईल का त्याला?”

मास्तरनं चष्म्यावरनं त्यांच्याकडं बघितलं. “बाप गेल्यावर रडू यायला आणखी काय लिहायला लागतं, पाव्हणं?”

“त्ये बी खरंच,” मामंजी म्हणाले.

बाहेर आल्यावर पोस्टाच्या पायरीवर बसले जरा वेळ. मग माझ्याकडं बघून म्हणाले, “हौसा, मेल्यावर चहा पित्यात का गं?”

“मामंजी! काय बोलताय!”

“चल, पिऊ. चालून चालून मेल्यागत झालंय.”

आणि आम्ही स्टँडावर चहा प्यालो. मामंजींनी बशीत ओतून दोन कप घेतले. आज इतक्या वर्षांनी, मीच सासू झाल्यावर, तो चहा आठवला की मी हातातला कप खाली ठेवते. तेव्हा मात्र मी आतल्या आत हसत होते, कारण माझं माहेरी जाणं लांबलं होतं.

आता कावळ्याचं सांगायला पाहिजे. आमच्या भागात जुनी समजूत होती. कावळा माणसाच्या डोक्याला शिवला की त्याचं मरण जवळ आलं. त्याला उतारा एकच. तो माणूस मेला अशी खोटी बातमी रक्ताच्या माणसाला धाडायची. ऐकून ते माणूस मनापासनं रडलं की मरणाला वाटतं, इथलं काम झालं, आणि ते माघारी जातं. मग खरं काय ते सांगायचं, गोडाचं करून घालायचं, संपलं. आजकाल कोण करत नाही. तेव्हा करत. कुणाकुणाच्या बहिणी ऊर बडवत वेशीतनं यायच्या आणि भाऊ दारात उभा बघून त्याच्याच पाठीत धपाटे घालायच्या.

तार करायच्या आदल्या दिवशी सकाळी मामंजी घरामागच्या परड्यातनं बोडक्यानं आत आले. टोपी हातात. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपुढं भाकरी थापत होत्या.

“सारजा,” मामंजी म्हणाले, “कावळा शिवला.”

“कुणाला?”

“मलाच की. हितं टाळक्यावर. पंखाचं वारं लागलं कानाला.”

आत्याबाईंच्या हातातली भाकरी तशीच परातीत पडली. त्या बाईला मी घाबरलेली पहिल्यांदाच बघत होते. एरवी त्यांना घाबरायचं काम आम्हा सगळ्यांकडं होतं.

मला त्याच दिवशी माहेरी धाडायचं ठरलेलं होतं. धाडायचं म्हणजे सणाला न्हवे, कायमचं. माझं बोचकं दाराशी बांधून ठेवलेलं. कारण? कारण ऐका. माझं लग्न झालं आणि हळद उतरायच्या आत मालकांना पलटणीचं बोलावणं आलं. तिकडं सरहद्दीवर गडबड चाललेली. गेले ते गेले. दोन दिवाळ्या गेल्या, सुट्टी मंजूर होईना. आत्याबाई कुठल्याशा देवरशाकडं गेल्या. त्यानं सांगितलं, सुनेचा पायगुण वाईट, ही घरात हाय तवर पोरगा घराची पायरी चढायचा न्हाई. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. वर गावातल्या बायका विचारायच्या, “सारजाक्का, सुनंला अजून काय न्हाई व्हय?” आत्याबाई माझ्यावर डाफरायच्या. एकदा माझ्याही तोंडाचा ताबा सुटला. म्हटलं, “आत्याबाई, पोर काय पोस्टानं येतं होय?”

झालं. दुसऱ्या दिवशी माझं बोचकं बांधलं गेलं.

माझा बाप दमेकरी, घरी दोन बिनलग्नाच्या बहिणी. टाकून दिलेली पोरगी दारात आली असती तर त्या दोघींना कुणी विचारलं नसतं. ते सगळं माहीत असून मी आत्याबाईंच्या हातापाया पडले नाही, कारण माझ्यातही खोड होतीच. मी गोठ्यात जायचे, म्हशीच्या पलीकडच्या अंगाला उभी राहायचे आणि रडून घ्यायचे. घरात डोळे कोरडे.

मामंजी ह्या सगळ्यात काय म्हणत होते? काही नाही. मामंजी बायकोपुढं कधी बोललेच नाहीत. आत्याबाई सकाळी सुरू झाल्या की ते बैल घेऊन रानात, संध्याकाळी सुरू झाल्या की देवळाच्या कट्ट्यावर. उभ्या जन्मात त्यांनी कुणाला दुखावलं नाही. कुणाच्या लग्नात वाढायला, कुणाच्या मयताला लाकडं फोडायला, केरबा पहिला. पण घरात त्यांच्या शब्दाला मिठाच्या खड्याएवढीसुद्धा किंमत नव्हती, आणि त्यांना त्याचं काही वाटतही नव्हतं. निदान मला तसं दिसायचं.

तर त्या सकाळी आत्याबाई म्हणाल्या, “आत्ताच्या आत्ता तारीला सांगावा धाडते. ती रडंल घळाघळा.” तारी म्हणजे माझी नणंद, शेजारच्या गावात दिलेली.

“तारी काय, भाकरी करपली तरी रडती,” मामंजी म्हणाले. “तिच्या रडण्याला मरण फसत न्हाई. ल्योक रडाय पायजे. बळवंता.”

“त्यो तिकडं कुठं...”

“तार करायची. बाप मेल्याच्या तारंला सुट्टी देत्यात पलटणीत. न्हाई कशाला म्हणतील?”

आत्याबाई विचारात पडल्या. कपाळावरच्या कुंकवाकडं त्यांचा हात गेला. “करा मग,” म्हणाल्या. “पर हिला तेवढी वाटंला लावून...”

“हिला लावलीस तर तारंचा पत्ता कोण लिवून देणार? मी? आणि पोरगा आला, घरात बायकू न्हाई म्हटल्यावर त्याला काय सांगणार हाईस?”

मामंजी एका दमात एवढं बोललेले मी कधी ऐकलं नव्हतं. आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं, बोचक्याकडं बघितलं. “ऱ्हाऊ दे त्ये बोचकं तितंच,” म्हणाल्या. “पोरगा येऊन गेला की बगू.”

मालक आले ते पुढच्या आठवड्यात, दुपारच्या एस्टीनं. आत्याबाईंनी मामंजींना आत बसवून ठेवलेलं. पोरगा उंबऱ्यात येऊन एकदा रडला की मग बाहेर या, असं. मी दारातनं बघितलं. मालकांचं डोकं गुळगुळीत केलेलं होतं. मिशी नव्हती. लग्नात मी नीट बघितली होती ती तेवढी मिशीच.

“आई,” म्हणून त्यांनी हंबरडा फोडला. आणि त्याच वेळी मामंजींना आत दम निघेना, ते बाहेर आले.

मालक त्यांच्याकडं बघत राहिले. ओरडले नाहीत. तिथंच अंगणात मातीत बसले.

“आबा,” ते म्हणाले, “वाटंत नदी लागली. मी केस दिलं ओ. तुमच्या नावानं पाणी सोडलं.”

मामंजी त्यांच्यापुढं उकिडवे बसले. आत्याबाई मात्र आनंदानं वेड्या झालेल्या. “रडलास न्हवं? मग टळलं बाबा! कावळा शिवलेला तुझ्या बाला. आता शंभर वर्सं मराण न्हाई त्यास्नी!” आणि त्यांनी मला हाक मारून गुळाचा खडा आणायला लावला.

सगळं ऐकल्यावर मालकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गूळ भिरकावला अंगणात. “कावळा? कावळ्यासाठी? आई, साहेबानं माझ्या खांद्यावर हात ठिवला. सगळी पलटण माझ्याभवती बसली. दोघं जण डोंगर उतरून रस्त्यापतुर सोडाय आलं. मी त्यास्नी काय सांगू आता? बाप उठून बसला म्हणून?”

“काय सांगू नगंस,” मामंजी हळूच म्हणाले. “दिवस घातलं, सगळं झालं, असं सांग.”

“म्हंजे तितल्या कागदावर तुमी मेला.”

“मेलो तर मेलो. त्या कागदाला भाकरी कुटं घालायची हाय?”

मामंजींना वाटलं पोरगा हसेल. पोरगा उठून नदीकडं निघून गेला.

त्या सुट्टीत मालक मामंजींशी एक अक्षर बोलले नाहीत. जेवायला बसले तर पाट फिरवून बसायचे. मामंजी रानात गेले की हे घरात, मामंजी घरात आले की हे रानात. पण माझ्याशी बोलायला लागले. आधी रागच बोलायचे, बापाचा. मी ऐकून घ्यायचे. मग एकदा टकलाला ऊन लागतंय म्हणून मी मामंजींची जुनी टोपी नेऊन दिली रानात, तर ती कानांवर घसरली आणि मला हसू आवरेना. ते आधी घुश्श्यात बघत राहिले, मग त्यांनाही हसू फुटलं. तिथनं सुरू झाला म्हणायचा आमचा संसार. मला तोवर हा माणूस कसा बोलतो हेसुद्धा माहीत नव्हतं. चांगला बोलायचा. चांगला होता.

निघायच्या दिवशी ते आईच्या पाया पडले. मामंजी बाहेर कट्ट्यावर बसलेले, पाय खाली सोडून, वाट बघत. मालक त्यांच्या पुढ्यातनं ट्रंक घेऊन गेले.

“बळवंता,” मामंजी म्हणाले, “बेस ऱ्हा.”

मालकांनी मान वळवली नाही. मामंजींचे पाय बराच वेळ तसेच लोंबत राहिले.

पुढं चार-दोन महिन्यांत माझं पोट दिसायला लागलं आणि आत्याबाईंचा देवरशी खोटा पडला. सुंठीवाचून खोकला गेला. माझं बोचकं कधी सुटलं, त्यातली लुगडी कधी परत दांडीवर गेली, कुणी विचारलं नाही. आषाढात मुलगी झाली. आत्याबाईंनी नाक मुरडलं, पण न्हाऊमाखू त्याच घालत. नाव सुलभा ठेवलं. मामंजींनी मात्र पहिल्या दिवसापासनं तिला कावळीच म्हटलं.

“कुटं गेली माझी कावळी? काव काव!”

पोरगी सावळी होती, माझ्यावर गेलेली. मला राग यायचा. “मामंजी, पोरीच्या जातीला असं नाव घेऊ नये. उद्या सगळं गाव कावळी म्हणंल.”

“म्हणू दे की. कावळ्यानं काय कमी केलंय आपलं?”

मला वाटायचं, जीव वाचला म्हणून बोलतात. आत्याबाईंनाही तेच वाटायचं.

मालकांची पत्रं यायची. मी मोठ्यानं वाचायची. आई बरी आहे का, बैलाचं काय झालं, पोरगी कुणासारखी दिसते. मामंजी कोपऱ्यात तंबाखू मळत ऐकायचे. पत्र संपलं की विचारायचे, “शेवटाला काय लिवलंय?”

“आबांना साष्टांग नमस्कार,” मी वाचायची.

“हां,” मामंजी म्हणायचे, आणि तंबाखू तोंडात टाकायचे. पत्रात तसलं काही नसायचं. पण मला ते वाचायला जड गेलं नाही कधी.

होळी झाली आणि मामंजींनी अंथरूण धरलं. छातीत पाणी झालेलं. डॉक्टरनं सुया टोचल्या, मग आत्याबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, कुणाला बोलवायचं असंल तर बोलवून घ्या. आत्याबाई मला म्हणाल्या, “हौसा, बळवंताला तार कर. बा सिरीयस हाय म्हणून.”

मामंजींनी ऐकलं ते. आत्याबाई पाणी आणायला गेल्यावर त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

“तार करू नगं.”

“का ओ मामंजी?”

“मेलेला माणूस आजारी कसा पडंल?” ते हसले, हसताना खोकला आला. मी पाठ चोळली. “त्याला साहेबाचा मार बसंल गं. खोटं बोलून सुट्टी घेतलीस म्हणतील. नगं.”

कावळी तेव्हा रांगायला लागलेली. ती अंथरुणावर चढली, त्यांच्या उशाला धरून उभी राहिली आणि टकलावर चापट मारली एक. मी तिला ओढायला गेले.

“असू दे,” मामंजी म्हणाले. “शिवू दे. आता खरा कावळा शिवला बग.”

“खरा म्हंजे? आणि त्यो?”

त्यांनी दाराकडं बघून घेतलं, आत्याबाई येतात का म्हणून. “कुटला कावळा गं, लेकी. म्या परड्यात आंब्याखाली टोपी काढून बसलो हुतो लई वेळ. एक सुदिक आला न्हाई.”

मला काही कळेना.

“तू म्हशीच्या पल्याड उभी ऱ्हाऊन रडायचीस,” ते म्हणाले. “मला दिसायचं. म्हस बी वळून बगायची तुझ्याकडं. त्या दिवशी सारजा तुला लावून देणार. तिच्याशी भांडाय मला कवा आलं? जन्मात न्हाई आलं. दुसरं काय हुतं माझ्याजवळ? म्हटलं, हितं मेलो तर पोरगा येईल. पोरगा आला तर ही ऱ्हाईल.”

मी रडायला लागले. आता लपवायला म्हैसही नव्हती. म्हटलं, “मामंजी, मग त्यास्नी का सांगितलं न्हाईसा? एक शब्द बोलला असता तर...”

“तुझ्यापायी केलं म्हटल्यावर त्यो तुझ्यावर उखडला असता. नवी नवरा-बायकू तुमी. माझ्यावर उखडला, त्ये बरं झालं. बाप काय, जुनाच असतोय.” थोडा वेळ ते नुसते धापा टाकत राहिले. मग म्हणाले, “पत्रात नमस्कार नसतोय, व्हय ना?”

मी त्यांचं पांघरूण सारखं केलं.

“वाचताना तितं थांबतीस जरा,” ते म्हणाले. “बाकीचं भराभरा वाचतीस.” आणि तोंड भिंतीकडं करून म्हणाले, “एकदा बगायला पायजे हुता गं मला त्यो. केस आलेला.”

दोन दिवसांनी सकाळी गेले. आत्याबाई कपाळ आपटून घेत होत्या. “टळलं हुतं की गं! पोरगा रडला हुता की! मग कसं काय?” त्यांना कोण काय सांगणार? मी शेवटपर्यंत सांगितलं नाही त्यांना.

मामंजी नको म्हणाले होते, पण भाऊबंद ऐकेनात. पोटचा लेक असताना अग्नी दुसऱ्यानं द्यायचा का? चुलत दीर गारगोटीला पळाले, तार करून आले. तीच ओळ. तोच मास्तर. दिरांना म्हणाला म्हणे, हे नाव मी पूर्वी कधीतरी लिहिलंय. आसामातनं काही एका दिवसात येत नसतो माणूस, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी सांजेची एस्टी येईपर्यंत मयत ठेवलं. एस्टीतनं दोन बाजारकऱ्या उतरल्या. मग पुतण्यानं अग्नी दिला. दहावा झाला, तेरावा झाला. मालक आले नाहीत, आणि काही दिवस पत्रही आलं नाही.

ते आले गणपतीत, हक्काच्या सुट्टीवर. अंगणात उभे राहिले. डोक्यावर दाट केस, वर पिळलेली मिशी. मामंजींना बघायचे होते तसेच. आत्याबाई गळ्यात पडून रडल्या, हे काठीगत ताठ. दुपारी परड्यात आंब्याखाली बाजेवर बसले तेव्हा मी पोरीला घेऊन गेले.

“तार पोचली हुती?” मी विचारलं.

“पोचली.” ते आंब्याच्या बुंध्याकडं बघत बोलत होते. “साहेब नवा आलेला. त्यानं कागद काढला माझा. म्हणाला, चौगले, तेरा बाप तो मर चुका है. कितने बाप हैं तेरे?”

“मग?”

“मी म्हणालो, एक ही साहब. तो म्हणाला, वो तो मर गया ना? मी म्हणालो, हां साहब, मर गया.” त्यांनी मिशीवरनं हात फिरवला. “सगळी हसली. केससुद्धा देता आलं न्हाईत. कुणासाठी दिलं म्हणून सांगायचं? बाप मेल्यावर केस एकदाच देत्यात. मी ते दिलेलं. आबांनी कावळ्याला भिऊन माझ्याकडनं खोटंच देववून घेतलं.”

पोरगी त्यांच्या मांडीवर चढायला बघत होती. त्यांची तिची पहिलीच भेट. मी म्हटलं, “कावळी, थांब जरा.”

“असलं नाव कुणी ठिवलं पोरीला?”

“आबांनी.”

“का म्हणून?”

मग मी सांगितलं. माझं बोचकं, देवरशी, म्हशीच्या पल्याडचं रडणं, ह्याच आंब्याखाली टोपी काढून बसलेले मामंजी आणि न आलेला कावळा. पत्रातल्या नमस्काराचंही सांगितलं. मला ते पोटात ठेवता आलं नाही, आणि ठेवायचंही नव्हतं. बापानं काय दिलं ते लेकाला कळायला नको?

ते बुंध्याकडं बघतच ऐकत होते. संपल्यावर उठले आणि चपलासुद्धा न घालता गेले. आत्याबाईंनी आतनं विचारलं, “कुटं गेला गं त्यो?” मी म्हटलं, येतील.

दिवस कलता कलता आले. डोकं गुळगुळीत, मिशी नाही, अंगावरची कापडं ओली. परत बाजेवर येऊन बसले. पोरगी आधी बिचकली. दुपारचा माणूस हा नव्हेच, असं तिला वाटलं असणार. मग तिला ते टक्कल दिसलं. माझ्या हातातनं सुटून ती दुडुदुडु गेली, बाजेवर चढली, त्यांच्या खांद्याला धरून उभी राहिली आणि दोन्ही हातांनी डोक्यावर चापट्या मारायला लागली. मामंजींना मारायची तशाच.

“अगं ए, कावळे!” म्हणत मी तिला उचलायला धावले.

“ऱ्हाऊ दे,” मालक म्हणाले. “शिवू दे तिला.”

आणि बापाच्या मरणाला ते तेव्हा रडले.